पॅटर्नराव, उत्तर आलं होतं

प्रति,
एसक्यूएल-प्रॉम्प्ट-रेगेक्स्प ऊर्फ पॅटर्नराव,
मुक्काम एसक्यूएल डॉट ईएल, ईमॅक्स

पॅटर्नराव,

खुशाली विचारत बसत नाही, थेट आरोपावर येतो. डेटाबेसने काम पूर्ण केलेलं असताना, त्याचं उत्तर ईमॅक्सच्या हातात पडलेलं असताना, ते तुम्ही माणसाला दिसू दिलं नाहीत. कारण एवढंच की उत्तराच्या टोकाला आलेली दोन-तीन चिन्हं तुमच्या ओळखीची नव्हती. ओळखीची नव्हती तर तसं सांगायचं होतं. तुम्ही गप्प बसलात, आणि तुमच्या गप्प बसण्याचा ठपका सर्व्हरवर, नेटवर्कवर, क्वेरीवर आणि शेवटी टेबलावर बसलेल्या माणसावर गेला.

हे पत्र ज्यांच्यापर्यंत जाईल त्या सगळ्यांना तुमची ओळख असेलच असं नाही, म्हणून ती आधी करून देतो. ईमॅक्स हा १९८५ पासून लोकांच्या हातात असलेला टेक्स्ट एडिटर. त्यातल्या एका बफरमध्ये एसक्यूएल लिहायची, कंट्रोल-सी कंट्रोल-सी दाबलं की कर्सरखालचा परिच्छेद डेटाबेसकडे जातो आणि शेजारच्या बफरमध्ये उत्तर उमटतं. लिहिणं, चालवणं, तपासणं, पुन्हा सुधारणं, सगळं एकाच जागी. ज्याला दिवसभर डेटाबेसशी बोलायचं आहे त्याच्यासाठी यापेक्षा सुखाची बैठक मी तरी पाहिलेली नाही. म्हणूनच तुमचा राग येतो. वाईट साधनात एक खोट जास्त असली तर कुणाचं काय जातं? पण हे साधन चांगलं आहे.

ही सोय ज्या एसक्यूएल डॉट ईएल या फाइलमध्ये आहे ती ॲलेक्स श्रोडर यांनी लिहिली. तिच्यावरचा कॉपीराइट १९९८ पासूनचा आहे. पुढे मायकेल मॉगर यांनी ती वर्षानुवर्षं सांभाळली, वाढवली. तिच्या पायाशी कॉमिंट नावाचा थर आहे, तो ऑलिन शिव्हर्स यांचा, १९८८ चा. यांपैकी कुणालाही उद्देशून हे पत्र नाही. पोस्टग्रेस, मायएसक्यूएल, ओरॅकल, एसक्यूलाइट आणि आणखी कितीतरी डेटाबेस त्याच दोन-तीन कळांवर आणून ठेवणं हे मोठं काम आहे, आणि ते त्यांनी लोकांना फुकट दिलं. भांडण तुमच्याशी आहे. तुमच्याशी, आणि तुम्हाला गप्प राहू देणाऱ्या व्यवस्थेशी.

आता तुमचं काम काय, ते बघू. ईमॅक्स डेटाबेसशी स्वतः बोलत नाही. तो पोस्टग्रेसच्या पीएसक्यूएलसारखा प्रोग्रॅम पोटात चालवतो, त्याला आपला मजकूर देतो आणि त्याने जे छापलं ते घेतो. हे छापलेलं एकगठ्ठा येत नाही, तुकड्यातुकड्यांनी येतं. उत्तर कुठे संपलं? आता पुढची आज्ञा द्यायला हरकत नाही, हे कशावरून समजायचं? यावर कॉमिंटकडे एकच उपाय आहे, तो म्हणजे प्रॉम्प्ट ओळखणं. पीएसक्यूएलने ‘साठा=#’ असं छापून कर्सर सोडला की समजायचं, झालं. आणि प्रॉम्प्ट कसा दिसतो हे सांगणारा नमुना म्हणजे तुम्ही. ओळीच्या सुरुवातीपासून काही अक्षरं-आकडे, मग =, मग # किंवा >, मग एक रिकामी जागा. तुमचा सगळा संसार एवढ्या चिन्हांत मावतो.

पण त्या चिन्हांवर अवलंबून काय काय आहे? तुम्ही ‘हो’ म्हटलंत तर लॉगिन झालं असं ईमॅक्स मानतो. तुम्ही ‘हो’ म्हटलंत तर टेबलांची यादी उघडते. अनेक ओळींच्या क्वेरीत दर ओळीमागे येणारे ‘पुढे बोला’चे प्रॉम्प्ट गाळून स्वच्छ उत्तर दाखवायचं, तेही तुमच्या आणि तुमच्या धाकट्या भावाच्या, म्हणजे सातत्य-प्रॉम्प्ट ओळखणाऱ्या पॅटर्नच्या, ‘हो’वर. आणि तुम्ही ‘नाही’ म्हटलंत तर? तर कुणी काही बोलत नाही.

या अडचणीतली मला सर्वांत बोचणारी गोष्ट सांगतो. पोस्टग्रेसचा सर्व्हर प्रत्येक कामाच्या शेवटी ‘मी तयार आहे’ असं स्पष्ट कळवतो. त्याच्या प्रोटोकॉलमध्ये त्यासाठी वेगळा संदेशच आहे, रेडी-फॉर-क्वेरी. त्या संदेशात एका बाइटमध्ये ट्रान्झॅक्शनची अवस्थाही असते. ‘आय’ म्हणजे मोकळा, ‘टी’ म्हणजे ट्रान्झॅक्शन चालू, ‘ई’ म्हणजे ट्रान्झॅक्शन बिघडलेलं. म्हणजे उत्तर संपलं की नाही, हा प्रश्न सर्व्हरपाशी नाही आणि पीएसक्यूएलपाशीही नाही. दोघांनाही पक्कं ठाऊक असतं. पीएसक्यूएल ते ज्ञान घेतो आणि त्याचं रूपांतर स्क्रीनवरच्या काही चिन्हांत करतो, कारण समोर माणूस बसलाय असं तो धरून चालतो. समोर असता तुम्ही. चिन्हांवरून अर्थ लावता, आणि चिन्ह नवं निघालं की मुळातली पक्की बातमी तिथेच मरते.

आणि चिन्हं बदलतात, पॅटर्नराव. तुमच्या जुन्या रूपात ‘शब्दातलं अक्षर’ एवढीच अट होती. ईमॅक्सच्या हिशेबी अंडरस्कोर हा तिथे शब्दाचा भाग नाही. डेटाबेसच्या नावात अंडरस्कोर न वापरणारी माणसं किती असतील? ‘ठेव_हिशेब’ असं नाव ठेवलं की तुम्ही त्याला ओळख दाखवायचं नाकारलंत. पुढे कुणीतरी तुम्हाला अंडरस्कोर शिकवला, पण मधल्या रेघेचा, हायफनचा प्रश्न अनेकांच्या यंत्रावर उरलाच. नावात हायफन असणं पोस्टग्रेसला चालतं. अवतरणात लिहावं लागतं इतकंच. तुम्हाला चाललं नाही.

मग २०२० साली पोस्टग्रेसची १३ वी आवृत्ती आली. तिने पीएसक्यूएलच्या मूळ प्रॉम्प्टमध्ये एक चांगली सुधारणा केली. ट्रान्झॅक्शन चालू असेल तर = नंतर एक तारा, बिघडलं असेल तर उद्गारचिन्ह. ‘साठा=#’ ऐवजी ‘साठा=*#’. वर सांगितलेला तो अवस्थेचा बाइट अखेर माणसाला दिसू लागला. ज्याने कधी ‘बिगिन’ लिहून ‘कमिट’ विसरलंय, त्याला या ताऱ्याचं मोल सांगायला नको. आणि मी ज्या रूपात तुम्हाला भेटलो त्या रूपात तुम्हाला = च्या लगेच पुढे # किंवा > हवा होता. मध्ये तारा दिसला की तुमच्या लेखी तो प्रॉम्प्टच नव्हता. माणसाला सावध करण्यासाठी घातलेल्या चिन्हानेच माणूस अडकला.

कसा अडकला तेही लिहितो, कारण इथे तुमचा खरा स्वभाव दिसतो. प्रॉम्प्ट गाळणारी जी गाळणी आहे, तिची बऱ्याच आवृत्त्यांतली रीत अशी की आलेल्या तुकड्याच्या शेवटी ओळखीचा प्रॉम्प्ट नसेल, तर शेवटची अर्धी ओळ दाखवायची नाही, जपून ठेवायची, कदाचित पुढच्या तुकड्यात ती पूर्ण होईल म्हणून. रीत चुकीची नाही. प्रॉम्प्ट दोन तुकड्यांत तुटून येऊ शकतो. पण ‘साठा=*#’ हा तुटलेला नाही, पूर्ण आहे, आणि त्याच्यानंतर काहीही येणार नाही, कारण पीएसक्यूएल आपल्या बोलण्याची वाट पाहत थांबलाय. गाळणी पुढच्या तुकड्याची वाट पाहते. माणूस प्रॉम्प्टची वाट पाहतो. सगळे एकमेकांची वाट पाहत बसलेले, आणि प्रॉम्प्ट गाळणीच्या खिशात.

हे चाललंय कुठे, तर उघड्या ट्रान्झॅक्शनमध्ये. माणसाला वाटतं, सर्व्हर कामात आहे, येईल उत्तर. तो चहाला उठतो. तिकडे त्याच्या ट्रान्झॅक्शनने ज्या ओळींना हात लावलाय त्यांवर कुलूप आहे, आणि त्याच ओळी बदलू पाहणारे बाकीचे लोक खोळंबून आहेत. त्यांच्याकडून फोन येतो, ‘सिस्टिम स्लो आहे का हो?’ सिस्टिम अजिबात स्लो नाही. पॅटर्नरावांनी तारा ओळखला नाही, एवढंच झालंय.

टेबलांच्या यादीचा किस्सा याहून विचित्र आहे. कंट्रोल-सी कंट्रोल-एल आणि मग ‘ए’ दाबलं की डेटाबेसमधल्या सगळ्या वस्तूंची यादी नव्या बफरमध्ये यायला हवी. त्यासाठी कॉमिंट उत्तर दुसरीकडे वळवतो, आणि प्रॉम्प्ट दिसेपर्यंत थांबतो. थांबतो म्हणजे अख्खा ईमॅक्स थांबतो. कंट्रोल-जी दाबून सोडवावं लागतं. पण या थांबण्याआधी एक तपासणी आहे. बफरमध्ये मागे कुठेतरी तुमच्याशी जुळणारा प्रॉम्प्ट आहे का, हे कॉमिंट शोधतो. एकही नसला तर साफ सांगतो की प्रॉम्प्ट सापडला नाही किंवा त्याचा पॅटर्न नीट बसवलेला नाही. बघा, पॅटर्नराव! सांगता येतं. त्याच इमारतीत, तुमच्या खालच्या मजल्यावर राहणाऱ्याला ते जमतं. मात्र ‘बिगिन’च्या आधीचा एखादा साधा प्रॉम्प्ट वर कुठेतरी पडलेला असला की ही तपासणी पास होते, आज्ञा जाते, उत्तर येतं, टोकाला तारा असतो, आणि मग जी वाट पाहणं सुरू होतं तिला अंत नाही.

आता ज्या प्रसंगामुळे हे पत्र लिहायला घेतलं त्याकडे येतो. जागा सांगणार नाही, नाव तर नाहीच. एका संस्थेच्या ठेवींच्या हिशेबाचं काम होतं. माझ्या शेजारी बसणाऱ्या सहकारी बाईंनी एक अपडेट लिहिलं. काही खात्यांच्या शिलकीत राहिलेलं व्याज मिळवायचं आणि शेऱ्याच्या रकान्यात त्याची नोंद करायची. शेऱ्याचा मजकूर दोन ओळींचा होता, म्हणजे अवतरणचिन्ह एका ओळीवर उघडलं आणि पुढच्या ओळीवर मिटलं. पूर्णपणे कायदेशीर एसक्यूएल. अटी त्यांनी आधी सिलेक्ट चालवून तपासल्या होत्या. परिच्छेद पाठवला. काहीच आलं नाही.

का आलं नाही? कारण पीएसक्यूएल अर्ध्या क्वेरीत कशासाठी थांबलाय हे सातत्य-प्रॉम्प्टमधल्या एका चिन्हाने सांगतो. नुसती क्वेरी अपुरी असेल तर रेघ, कंस उघडा असेल तर कंस, मजकुराचं अवतरण उघडं असेल तर एकेरी अवतरण, नावाचं असेल तर दुहेरी, टिप्पणी उघडी असेल तर तारा, आणि फंक्शनचा देह डॉलरच्या जोडीत लिहिलेला असेल तर डॉलर. हे सगळं पीएसक्यूएलच्या पुस्तिकेत स्वच्छ लिहिलंय. मी ज्या रूपात भेटलो त्या रूपात तुमच्या धाकट्या भावाला यातली रेघ आणि कंस एवढीच दोन येत होती. पहिल्या ओळींचे रेघवाले प्रॉम्प्ट त्याने ओळखले, गाळले. मग अवतरणवाला आला आणि तो अडखळला. गाळणीच्या हिशेबात अजून काही प्रॉम्प्ट यायचे बाकी होते, म्हणून तिने उरलेलं सगळं जपून ठेवलं. त्यात शेवटची ओळही होती, अपडेट झालं आणि इतक्या ओळी बदलल्या, हे सांगणारी.

बाईंनी थोडं थांबून पाहिलं. मग, कुणीही करेल तेच केलं. पुन्हा पाठवलं. पीएसक्यूएलमध्ये ऑटोकमिट मुळात चालू असतं, म्हणजे पहिलं अपडेट केव्हाच पक्कं झालेलं होतं. दुसऱ्यांदा पाठवल्यावर राखून ठेवलेलं पहिलं उत्तर आणि दुसरं उत्तर एकामागोमाग एक बफरमध्ये येऊन पडलं. व्याज दोनदा जमा झालं होतं.

ते निस्तरलं गेलं, त्यात फार वेळही गेला नाही. पण त्यानंतर जी बैठक झाली तिच्यात एकच प्रश्न विचारला गेला, ‘दोनदा का दाबलंत?’ अट बरोबर होती, रक्कम बरोबर होती, तपासणी आधी केली होती, हे सगळं त्या एका प्रश्नाखाली गाडलं गेलं. बाईंनी माफी मागितली. आजही त्या टेबलावर ‘घाईत काम करतात’ असा शेरा त्यांच्या नावामागे लागलेला आहे. घाई त्यांनी केली नव्हती, पॅटर्नराव. त्यांना उत्तर मिळालं नव्हतं, आणि ते तुमच्या घराण्यात अडकून पडलं होतं. माफी मागायची पाळी तुमची होती.

हा दोष एकट्या पोस्टग्रेसपुरता आहे, असंही म्हणू नका. मायएसक्यूएलपासून २००९ मध्ये मारियाडीबी वेगळी झाली, आणि २०१७ मध्ये डेबियनने आपल्या ९ व्या आवृत्तीत मायएसक्यूएलच्या जागी तीच बसवली. लोकांनी सवयीने ईमॅक्समधून मायएसक्यूएलची आज्ञा दिली, समोर आला मारियाडीबीचा प्रॉम्प्ट, नाव, चौकोनी कंसात डेटाबेस, मग >. तुमच्या मायएसक्यूएलच्या अवताराला मात्र ओळीच्या सुरुवातीला ‘मायएसक्यूएल’ हेच अक्षरशः हवं होतं. लॉगिन झाल्यानंतरही ईमॅक्स ‘लॉगिन होतंय’ म्हणत साडेसात सेकंद थांबायचा. हा आकडा माझा नाही, लॉगिनची जास्तीत जास्त प्रतीक्षा म्हणून एसक्यूएल-लॉगिन-डिले या सेटिंगची मूळ किंमतच ७.५ आहे. साडेसात सेकंदांनंतर काय? काही नाही. प्रतीक्षा संपते आणि काम पुढे चालू होतं, जणू सगळं ठीक आहे. तिथे एक वाक्य छापायला काय हरकत होती? ‘ओळखीचा प्रॉम्प्ट आला नाही, शेवटची ओळ अशी दिसते.’ पुढचे सगळे घोटाळे त्या एका वाक्याने तिथेच टळले असते.

ज्यांना आज, आत्ता यातून सुटायचं आहे त्यांच्यासाठी थोडं लिहितो. पॅटर्नराव, तुम्हीही वाचा, तुमच्याविरुद्धचा पुरावा कसा गोळा करतात ते कळेल.

उत्तर येत नाही असं वाटलं की पुन्हा पाठवायचं नाही. हे पहिलं, आणि बाकी सगळ्यापेक्षा महत्त्वाचं. साध्या टर्मिनलमध्ये दुसरं पीएसक्यूएल उघडायचं आणि पीजी-स्टॅट-ॲक्टिव्हिटी या दृश्यात आपल्या सत्राची अवस्था बघायची. ‘ॲक्टिव्ह’ असेल तर सर्व्हर खरंच कामात आहे, बसून राहा. ‘आयडल’ असेल तर त्याचं काम संपलंय आणि उत्तर आपल्याच यंत्रावर कुठेतरी अडकलंय. ‘आयडल इन ट्रान्झॅक्शन’ असेल तर काम संपलंय, ट्रान्झॅक्शन उघडं आहे आणि कदाचित कुलुपंही आपल्याच नावावर आहेत. दोषी सर्व्हर की पॅटर्न, याचा निकाल एवढ्या एका नजरेत लागतो.

मग ईमॅक्सच्या एसक्यूएल बफरमध्ये जायचं, कंट्रोल-एच व्ही दाबून कॉमिंट-प्रॉम्प्ट-रेगेक्स्पची किंमत वाचायची. टर्मिनलमध्ये जो प्रॉम्प्ट दिसतो तो शेजारी ठेवायचा आणि चिन्हागणिक ताडून बघायचं. नावात हायफन आहे? = नंतर तारा आहे? घरच्या पीएसक्यूएलआरसी फाइलमध्ये कुणी प्रॉम्प्टमध्ये सर्व्हरचं नाव किंवा रंग घातलाय? खऱ्या आणि चाचणीच्या सर्व्हरचे प्रॉम्प्ट वेगवेगळे ठेवणं ही शहाणपणाची सवय आहे, ती सोडू नका. शंका असेल तर पीएसक्यूएलला मोठ्या ‘एक्स’चा पर्याय देऊन ती फाइल न वाचता चालवून पाहा. प्रॉम्प्ट लगेच ओळखला गेला, तर गाठ सापडली.

दुरुस्ती करताना एक खबरदारी. बफरमधल्या चलाची किंमत बदलून भागत नाही, कारण यादी आणणारं काम डेटाबेसच्या नोंदीतून पॅटर्न नव्याने उचलतं. तेव्हा एसक्यूएल-सेट-प्रॉडक्ट-फीचर हे फंक्शन वापरून पोस्टग्रेसच्या नोंदीतच नवे पॅटर्न बसवायचे, आणि तेही एसक्यूएल बफर उघडण्याआधी. थोरल्या पॅटर्नमध्ये नावासाठी अक्षरं, आकडे, अंडरस्कोर आणि हायफन, मग =, मग ऐच्छिक म्हणून तारा, उद्गारचिन्ह किंवा प्रश्नचिन्ह, मग # किंवा >, मग रिकामी जागा. धाकट्यात = च्या जागी रेघ, कंस, दोन्ही अवतरणं, डॉलर आणि तारा यांपैकी काहीही, बाकी तसंच.

कंटाळून ‘काहीही असो, शेवटी > हवं’ इतका सैल पॅटर्न मात्र लिहू नका. रकान्यात एचटीएमएल साठवलेलं असेल तर डेटातलीच एखादी ओळ प्रॉम्प्ट ठरते आणि उत्तर अर्ध्यात तोडलं जातं. अडकलेलं उत्तर निदान आलं नाही हे कळतं. अर्धं उत्तर पूर्ण म्हणून हातात पडलं तर त्यावर माणूस निर्णय घेऊन मोकळा होतो.

विंडोजवर मात्र काहीच न दिसण्याला तुम्ही दोषी नसालही, हे न्यायाने सांगायला हवं. तिथे प्रोग्रॅमला टर्मिनलऐवजी पाइप दिसतो आणि तो आपला मजकूर साठवून ठेवतो. मायएसक्यूएलला छोट्या ‘एन’चा पर्याय आणि एसक्यूलाइटला ‘इंटरॅक्टिव्ह’ हा पर्याय देऊन ते सुटतं. तसंच उत्तर लांबलं की मध्येच पेजर उभा राहतो. पोस्टग्रेससाठी तो बंद ठेवण्याची काळजी एसक्यूएल डॉट ईएलने मुळातच घेतलेली आहे.

तुमच्याकडून हवंय ते फार नाही. प्रॉम्प्टवरून अंदाज बांधणं सोडा, असं मी म्हणत नाही. डझनभर वेगळ्या प्रोग्रॅमना एकाच खिडकीत बसवायचं तर दुसरा मार्ग फारसा नाही, हे मला मान्य आहे. पण अंदाज लागला नाही की बोला. लॉगिनची मुदत संपूनही जुळलं नाही तर खालच्या ओळीत लिहा. राखून ठेवलेला मजकूर सेकंदभर शांतता झाल्यावर सोडून द्या, मग तो कितीही वेडावाकडा दिसो. ‘साठा'# साठा'#’ असल्या कचऱ्यात गुंडाळलेलं उत्तर मी आनंदाने वाचीन. कचरा दिसला तर माणूस विचार करतो. काहीच दिसलं नाही तर तो कळ पुन्हा दाबतो.

हीच मागणी योग्य जागी पोचावी म्हणून ईमॅक्समध्येच रिपोर्ट-ईमॅक्स-बग ही आज्ञा आहे. ज्यांना तुमचा त्रास झालाय त्यांनी ती चालवावी, आणि तक्रारीत ईमॅक्सची आवृत्ती, डेटाबेसच्या क्लायंटची आवृत्ती आणि टर्मिनलमध्ये दिसलेला प्रॉम्प्ट जसाच्या तसा, शेवटच्या रिकाम्या जागेसकट, चिकटवावा. नुसतं ‘चालत नाही’ असं लिहिलं तर सांभाळणाऱ्याला काहीच करता येत नाही. माझी तक्रार मी लिहून ठेवलीय, तिच्यात तारा आहे, हायफन आहे, डॉलर आहे आणि ते दोन ओळींचं अवतरणही आहे.

आपला,
ईमॅक्समधून डेटाबेसशी बोलणारा एक वापरकर्ता